खाली ठेवलेली सायकल

अगं, लेकाला सायकल घेऊन दिलीस ते फार छान केलंस. माणिकपुरात कुठे चढ नाही की घाट नाही. संध्याकाळी अंबाडी रोडवर रिक्षा आणि गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, तेव्हा सायकलवाला पोरगा आतल्या गल्लीतून निघून क्लासला पोचलेलाही असतो. दिवाणमान, चुळणे, पापडी, वाटलं तर रविवारी सकाळी थेट वसईच्या किल्ल्यापर्यंत, सगळं आता त्याच्या पायांच्या टप्प्यात आलं. या वयात मुलाला असं स्वतःचं स्वतः कुठे जाता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती त्याच्याकडून कुणी एका रात्रीत काढून घेऊ नये म्हणून तुझ्याशी हे बोलतेय.

परवा फोनवर तू अगदी सहज म्हणालीस, "ताई, खाली पार्किंगमध्येच ठेवतो. गेट आहे, वॉचमन आहे, घरचीच तर जागा." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. पार्किंग ही सोसायटीची जागा आहे गं, घर नव्हे. घर तुझ्या दाराच्या कडीपासून आत सुरू होतं. कडीबाहेर ठेवलेली वस्तू रस्त्यावर ठेवल्यासारखीच समजायची आणि तशीच बांधायची.

स्टेशनबाहेर सायकल लावणारा माणूस बघ. कुलूप लावतो, ओढून बघतो, दोन पावलं जाऊन पुन्हा मागे वळून बघतो. तोच माणूस घरी आला की सायकल खांबाला टेकवून वर निघून जातो. खरं तर उलट असायला हवं. स्टेशनवर दिवसभर माणसांची ये-जा असते, शेजारी चहाची टपरी असते. इमारतीखाली रात्री एकपासून पाचपर्यंत कुणीही नसतं. सायकल रोज त्याच खांबाशी, रोज त्याच वेळी, हे बघणाऱ्याला आठवड्याभरात कळतं. चोराला घाई नसते आणि जागा ठाऊक असते. म्हणून सगळ्यांत जड कुलूप घरी लागतं. ते रोज सोबत वाहून न्यायचं नसल्यामुळे जड असलं तरी काही बिघडत नाही. पार्किंगमधल्या भक्कम लोखंडी पाइपला ते कायमचं अडकवून ठेव. बाहेर न्यायला दुसरं, हलकं.

आपली आजी-आजोबांची पिढी बैठ्या घरांत राहायची. सायकल पडवीत किंवा ओटीवर, झोपणाऱ्या माणसाच्या हातभर अंतरावर असायची. नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती तेव्हापासून इथे इमारती उठायला लागल्या, मग ३ जुलै २००९ ला वसई-विरार महापालिका झाली, इमारती आणखी वाढल्या. माणसं वर गेली आणि सायकली खाली राहिल्या. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वीस किलोच्या आसपासची काळी सायकल तिसऱ्या मजल्यावर चढवायची कुणी? त्यामुळे तुला मी "सायकल घरात आण" एवढं सांगून मोकळी होणार नाही. जमत असेल तर मात्र आण. लेकाची गिअरची सायकल त्या मानाने हलकी आहे. गॅलरीच्या भिंतीत फास्टनर ठोकून हुकाला उभी टांगली की जागाही फारशी खात नाही. भिंत पोकळ विटांची आहे की भरीव, ते मिस्त्रीला ठोकून बघायला सांग आणि मगच वजन टाक. आणि पहिल्या मजल्याची उघडी गॅलरी सुरक्षित समजू नकोस. कंपाउंडच्या भिंतीवरून छज्ज्यावर आणि छज्ज्यावरून गॅलरीत यायला सराईत माणसाला मिनिटही लागत नाही. तिथे ग्रिल असेल तरच ठेव, आणि ग्रिललाही कुलपाने बांध.

एक मात्र अजिबात करू नकोस. जिन्याच्या मधल्या वळणावर, रेलिंगला साखळीने बांधून सायकल ठेवायची नाही. बऱ्याच इमारतींत हे सर्रास चालतं, कारण चोर तिथवर येत नाही असं वाटतं. पण आग लागली, धूर कोंडला, वीज गेली, तर सगळी इमारत त्याच जिन्याने अंधारात खाली धावणार आहे. म्हातारी माणसं असतात, कडेवर मुलं असतात. कुलूप लावलेली सायकल त्या क्षणी कुणालाही बाजूला करता येणार नाही. सायकल गेली तर दुसरी येते.

आता कुलपाचं बोलू, कारण इथेच सगळे फसतात. दुकानदाराने मागच्या चाकाला ते गोल कुलूप बसवून दिलं असेल. ते सायकल चालवू देत नाही, पण उचलू देतं. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली की झालं. प्लॅस्टिकच्या आवरणातली बारीक केबल हातात जाड वाटते, पण आतली तार साध्या कटरने तुटते. आकड्यांची कुलपं मुलांना आवडतात, चावी सांभाळायला नको म्हणून. पण स्वस्तातल्या कुलपाचे आकडे हलके ओढत फिरवले की जागच्या जागी अडतात आणि बोटांना कळतात. रात्रभर ठेवायच्या सायकलीला ती पुरेशी नाहीत. यू आकाराचं, कडक केलेल्या पोलादाचं कुलूप घे. सायकलीच्या किमतीच्या मानाने ते महाग वाटेल, तरी घे. त्याच्या जोडीला जाड कड्यांची साखळी ठेव. दोन कुलपं दोन जातीची असली की ती तोडायला हत्यारंही दोन लागतात, आणि चोराकडे बहुधा एकच असतं.

लावायचं कसं, तेही लेकाला एकदा खाली घेऊन जाऊन हाताने करून दाखव. कुलूप नुसतं पुढच्या चाकात अडकवलं तर चोर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल नेतो. हल्लीच्या बऱ्याच सायकलींचं पुढचं चाक एक खटका फिरवला की सुटतं. म्हणून कुलपात सायकलीची मुख्य दांडी यायलाच हवी, आणि मागचं चाकही. अमेरिकेत शेल्डन ब्राऊन नावाचा सायकल मेकॅनिक होता, २००८ साली वारला. जगभरचे सायकलवाले अजूनही त्याचं लिखाण वाचतात. तो सांगायचा की यू-कुलूप लहान असलं तरी चालेल, ते मागच्या चाकाच्या रिमभोवती आणि पाइपभोवती असं घाला की चाकाचा तो भाग सायकलीच्या मागच्या त्रिकोणाच्या आत राहील. मग चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही आणि सांगाडाही अडकून बसतो. काहीजण म्हणतात रिम कापता येते. येते, पण ताणलेल्या टायरसकट रिम कापायला वेळ लागतो, आवाज होतो आणि शेवटी हातात चाक मोडलेली सायकल उरते. मला ब्राऊनचं पटतं. पुढचं चाक साखळीने त्याच पाइपला बांध, किंवा खटक्याचं असेल तर काढून वर घेऊन ये.

साखळी जमिनीवर लोळू देऊ नकोस. जमिनीवर टेकलेल्या कडीवर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता येतो, आणि जाड कडीही तुटते. साखळी वर, ताणून आणि कमी ढिलाई ठेवून लाव. कुलपाचं चावीचं तोंड खाली असू दे, म्हणजे पावसाचं पाणी आणि धूळ आत जाणार नाही. आपल्याकडची हवा खारी, लोखंड लगेच गंज धरतं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत सोड, खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ ओढतं. चावीवरचा नंबर लिहून ठेव. दुसरी चावी देवघराच्या खणात नाहीतर कपाटात ठेव. काही घरांत चावी खालीच, वीजमीटरच्या पेटीवर ठेवायची पद्धत असते, म्हणजे कुणालाही पटकन घेता येते. कुणालाही म्हणजे खरोखरच कुणालाही.

आणि सायकल बांधायची कशाला? आपल्या बहुतेक इमारतींखाली सायकल बांधायला काहीच नसतं. गोल खांबाला कुलूप पुरत नाही, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पाइपला बांधणं व्यर्थ आहे. इथे तुला सोसायटीशी बोलावं लागेल. वसई पूर्वेला, वालीव-गोखिवऱ्याच्या पट्ट्यात फॅब्रिकेशनवाले हवे तेवढे आहेत. उलट्या यू आकाराचे जाड जीआय पाइप वाकवून घ्यायचे आणि दोन्ही पाय काँक्रीटमध्ये गाडायचे. नटबोल्टने बसवले तर पान्याने सुटतात, म्हणून नटावर वेल्डिंगचा थेंब टाकायला सांगायचा. सगळ्या घरांत वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम सायकलीच्या किमतीपुढे अगदी किरकोळ असेल. सर्वसाधारण सभेत विषय मांड. नुसतं "सायकली चोरीला जातात" असं म्हणू नकोस. जागा कुठली, पाइप किती, खर्च किती, हे कागदावर लिहून ने. मोटारींच्या जागेवरून भांडणं होतील, मला माहीत आहे. पण सायकली बहुतेक मुलांच्या आणि घरकाम करणाऱ्या, पेपर टाकणाऱ्या माणसांच्या असतात, आणि त्यांच्या बाजूने सभेत बोलणारं कुणी नसतं. तू बोल.

जमल्यास त्याच सभेत कॅमेऱ्याचंही विचार. कॅमेरा असतो, पण तो गेटकडे तोंड करून, आणि सायकली असतात मागच्या कोपऱ्यात. शिवाय चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. किती दिवसांत, ते सेक्रेटरींकडून आधीच कळून घे.

चोर काय बघतो, हे एकदा खाली उतरून त्याच्या नजरेने बघ. धूळ बसलेली सीट, हवा गेलेलं टायर, हँडलला कोळिष्टक. या सायकलीकडे महिनाभर कुणी फिरकलेलं नाही, हे तिथे लिहिलेलंच असतं. आपल्याकडे मे महिन्यात आणि गणपतीत निम्म्या इमारती कोकणात गावी जातात. नाताळच्या रात्री मिस्साला घरंच्या घरं रिकामी होतात. दहावी-बारावीच्या वर्षी मुलांच्या सायकली तशाच पडून राहतात. जाताना सायकल घरात आणून ठेव, हॉलमध्ये अडचण झाली तरी घरी कुणी नसणारच आहे. एरवी वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा पुसून, हवा भरून, जागा थोडी बदलून ठेवायला लेकाला सांग. मालक जागा आहे, एवढं दिसलं पाहिजे.

पावसाचंही आहेच. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं होतं ते तुला आठवत असेल, रेल्वेही बंद पडली होती. असं पाणी चढायला लागलं की सगळे धावत खाली जातात आणि सायकली रस्त्याच्या उंच बाजूला, मिळेल तिथे, बिनकुलपाच्या नेऊन उभ्या करतात. त्या दिवशी कुणाची सायकल कोण नेतंय ते विचारायला कुणालाच सवड नसते. तेव्हा सायकल जिन्याने पहिल्या मजल्यावरच्या ओळखीच्या घरात ने. शेजाऱ्यांना तसं आधीच विचारून ठेव.

आता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते. स्कूटर घेतली की आरसी बुक मिळतं, नंबरप्लेट मिळते, सरकारदरबारी नाव लागतं. सायकलीला यातलं काही नाही. पूर्वी नगरपालिका आणि ग्रामपंचायती सायकलीवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा किंवा पितळेचा नंबराचा बिल्ला द्यायच्या. बाबांच्या पिढीला तो बिल्ला म्हणजे कटकट वाटायची, पण निदान सायकल कुणाची ते कुठेतरी लिहिलेलं असायचं. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची चोरीविरोधी नोंदणी सक्तीची आहे, सांगाड्यावर नंबराचं स्टिकर असतं आणि ती नोंद पोलिसांकडे असते. आपल्याकडे आता तसं काहीच नाही, म्हणून सायकल तुझी आहे याचा कागद तूच तयार करायचा. आजच सायकल उलटी कर. पॅडलचा आस जिथून जातो त्या नळीच्या खालच्या बाजूला सांगाड्याचा नंबर ठोकलेला असतो. क्वचित तो सीटखालच्या नळीवर किंवा हँडलखाली असतो. त्याचा स्पष्ट फोटो काढ. सायकलीचे दोन्ही बाजूंनी फोटो, लेकासकट एक फोटो, ओरखडे आणि स्टिकर यांचे जवळून फोटो. बिलाची छपाई वर्षभरात उडते, म्हणून बिलाचाही फोटो. सगळं स्वतःला ईमेल करून ठेव, फोन हरवला तरी राहील. हँडलची मूठ काढून आतल्या नळीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी गुंडाळून ठेवता येते. रंग बदलला, स्टिकर खरवडले, तरी ती आत राहते. सोसायटीच्या एका वहीत सगळ्या सायकलींचे नंबर लिहिले तर ती वही बिल्ल्याचंच काम करेल.

हा नंबर कशाला, ते ऐक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. म्हणून बिल लागतं. आणि माणसांच्या राहण्याच्या किंवा सामान ठेवण्याच्या इमारतीतून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये येते, ती दखलपात्र आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कलम कुठलं लावायचं ते पोलीस ठरवतील. तू तक्रारीत एवढंच नेमकं लिही की सायकल इमारतीच्या आत, अमुक ठिकाणी, कुलूप लावून ठेवली होती, शेवटची कधी पाहिली आणि नाहीशी झाल्याचं कधी कळलं. तुटलेलं कुलूप उचलू नकोस, आधी फोटो काढ. मग कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला सेक्रेटरींना लेखी सांग आणि माणिकपूर पोलीस ठाण्यात जा. २०२० पासून ते मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतं. तक्रार ऑनलाइन पाठवलीस तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गुन्हा नोंदवल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घे. पुढे सायकल सापडली तर ती मुद्देमाल म्हणून जमा होते आणि परत मिळवताना ती आपलीच आहे हे दाखवावं लागतं. तेव्हा तो सांगाड्याचा नंबर कामी येतो.

विम्याचं थोडक्यात सांगते. 'भारत गृह रक्षा' नावाची घराची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या देतात, पण तिच्यात आग, पूर अशा आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. नुसत्या चोरीसाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण लागतं, आणि त्यात बहुधा दार-कुलूप फोडल्याच्या खुणा बघतात. खालच्या पार्किंगमधली सायकल त्यात येते का, ते एजंटाकडून लेखी घे.

सीटखाली लपवायचा छोटा ट्रॅकर मिळतो, लेकाला तो हवाच असेल. घेऊन दे. पण त्याला बजावून ठेव, फोनवर ठिपका दिसला म्हणून मित्रांना घेऊन तिकडे जायचं नाही. तो ठिपका पोलिसांना दाखवायचा.

आणि ही गोष्ट मी तुला ताई म्हणून कळकळीने सांगते. सायकल गेली की इमारतीत पहिलं नाव वॉचमनचं निघतं, दुसरं कामवाल्या बाईच्या मुलाचं. पुराव्याशिवाय तू ते नाव तोंडातून काढू नकोस आणि कुणी काढलं तर तिथेच थांबव. त्यांची नोकरी जाते, सगळ्या गल्लीत नाव खराब होतं, आणि ते पुन्हा नीट करायला कुणी येत नाही. कुणी पोरगा सायकल नेताना सापडलाच तर त्याला बसवून ठेवा, ११२ ला फोन करा. अंगावर हात टाकू द्यायचा नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, एप्रिल २०२० मध्ये, गडचिंचले गावाजवळ चोर आल्याच्या अफवेने जमावाने तीन माणसांना मारून टाकलं. आपल्या फाटकापाशी गर्दी जमली तर शांतपणे बोलणारं एक माणूस तिथे असायला हवं, आणि ते तू असावंस असं मला वाटतं.

स्वस्तात जुनी सायकल मिळतेय असं कुणी सांगितलं तर बिल आणि सांगाड्याचा नंबर मागायचा. नंबर घासून काढलेला असेल तर पाठ फिरवायची. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असूनही घेतला, तर तोही गुन्हाच आहे. आणि आपल्या लेकाची सायकल दोन वर्षांनी त्याला लहान पडेल, तेव्हा ती खाली गंजत ठेवू नकोस. शाळेत चालत जाणारं एखादं मूल शोध आणि त्याला दे. देताना बिल दे, आणि एका कागदावर सांगाड्याचा नंबर, तारीख आणि "ही सायकल आम्ही यांना दिली" असं लिहून सही कर. रस्त्यात त्या मुलाला कुणी हटकलं तर दाखवायला त्याच्याकडे काहीतरी हवं.